आधी तास मोजा
कामाचा ताण घालवायला ध्यान आणि प्रेरणादायी व्याख्यानं हवीत, हे एका लेखातलं म्हणणं अर्धवट वाटलं. आधी कामाचे तास मोजा. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्या २०२१ च्या अभ्यासानुसार आठवड्याला ५५ किंवा अधिक तास राबणाऱ्यांना, ३५ ते ४० तासवाल्यांपेक्षा, पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्के जास्त असतो. आणि प्रश्न नुसत्या तासांचाही नाही. ब्रिटनमधल्या सरकारी नोकरांवरच्या व्हाइटहॉल अभ्यासात हृदयविकार बड्या साहेबांपेक्षा खालच्या श्रेणीत जास्त आढळला. काम कसं आणि कधी करायचं हे आपल्या हातात नसणं, हे त्यामागचं एक मोठं कारण निघालं. आमच्याकडेही ध्यानाचा वर्ग झाला होता. सुट्टीच्या दिवशी, हजेरी सक्तीची!