१८०० फुकट, १८६० नाही: 'कस्टमर केअरला पैसे लागत नाहीत' या मेसेजला उत्तर

आधी सोसायटीच्या ग्रुपवर, मग शाळेच्या ग्रुपवर आणि शेवटी आत्याकडून, असा एकच मेसेज मला तीनदा आला. त्याचा मजकूर थोडक्यात असा: 'आता सगळ्यांकडे अनलिमिटेड पॅक आहे, त्यामुळे कुठल्याही कंपनीला फोन करायला पैसे लागत नाहीत. १८ ने सुरू होणारे सगळे नंबर टोल-फ्री. नंबर माहीत नसेल तर गुगलवर टाका, पहिलाच येतो. नाहीतर मिस्ड कॉल द्या, कंपनीच उलट फोन करते. नंबरच सापडला नाही तर सोडून द्या, या कंपन्यांचं कोणी काही वाकडं करू शकत नाही.' पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच आहे. पण यातलं पहिलं वाक्य माझ्या आईला दहा रुपयांना पडलं, आणि गुगलवालं वाक्य एखाद्याला दहा हजारांना पडेल, म्हणून हे लिहितेय.

'अनलिमिटेड पॅक आहे, आणि १८ चे नंबर फुकटच'

आईच्या फोनमध्ये पॅक आहे, मुख्य बॅलन्स शून्य. (आजकाल मुख्य बॅलन्स ठेवतो कोण?) तिने बँकेचा १८६० ने सुरू होणारा नंबर लावला, तर पलीकडून बाई सांगते, पुरेसा बॅलन्स नाही. पॅक तर आदल्याच दिवशी मारलेला. मग दहाचा टॉप-अप मारला, त्यातून कर वगैरे जाऊन हातात आले ७.४७ रुपये. भाषा निवडली, खात्यासाठी एक दाबला, कार्डासाठी दोन दाबला, 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' तीनदा ऐकलं, आणि माणसाचा आवाज येण्याआधीच फोन तुटला.

१८०० आणि १८६० दिसायला सख्खे भाऊ, पण बिल वेगवेगळ्या घरी जातं. १८०० वर आलेल्या कॉलचे पैसे कंपनी भरते, तर १८६० वर फोन करणारा भरतो, आणि तेही स्थानिक कॉलच्या दराने. एसटीडीचे दर चढे होते तेव्हा याला अर्थ होता. नांदेडहून मुंबईच्या कंपनीला फोन करायचा, तर लाल आकडे पळताना बघत बूथमध्ये जीव मुठीत धरून बोलण्यापेक्षा देशभरातून एकाच स्थानिक दरात लागणारा नंबर बराच बरा. आता हिशेब उलटा झालाय. पॅकमध्ये देशभरातले साधे नंबर बसतात, पण १८६० सारखे विशेष नंबर बऱ्याचदा बाहेर राहतात. म्हणजे त्याच कंपनीच्या मुंबई ऑफिसचा ०२२ वाला साधा लँडलाइन पॅकमध्ये फुकट लागतो, आणि 'ग्राहकांच्या सोयीसाठी' दिलेला १८६० पैसे खातो!

मला जास्त खुपतं ते वाट बघणं. यंत्राने फोन उचलला की कॉल लागल्याचं धरलं जातं, आणि तिथूनच मीटर पळायला लागतो. १८०० वर तुम्हाला वीस मिनिटं सतार ऐकवली तर खर्च कंपनीचा. १८६० वर ती सतार तुम्ही विकत घेऊन ऐकता. माणसं कमी ठेवून रांग लांबवण्यात कंपनीचं नुकसान काय, याचं उत्तर या दोन नंबरांत वेगळं येतं.

आईचं काम शेवटी कसं झालं? डेबिट कार्डाच्या मागच्या बाजूला, मुंगीएवढ्या अक्षरात, त्याच बँकेचा १८०० चा नंबर छापलेला होता. बँकांच्या बाबतीत तर हे नियमातच आहे. परवानगीशिवाय झालेले व्यवहार कळवण्यासाठी चोवीस तास चालणारी टोल-फ्री हेल्पलाइन द्या, असं रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकातच सांगितलं होतं. तेव्हा बँकेच्या वेबसाइटवर १८६० ठळक दिसला तरी जरा खाली सरका.

मोबाइल कंपन्यांचंही तसंच. १९८ हा तक्रारीचा नंबर, आणि तो फुकट. १२१ माहितीसाठी, तिथे माणसाशी बोलायला पैसे लागू शकतात. तक्रार असेल तर १९८ लावा आणि डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, मागून घ्या.

'गुगलवर टाका, पहिलाच येतो'

पहिला येतो तो जाहिरातीचा असू शकतो, किंवा नकाशावर कोणीतरी परस्पर टाकलेला. भामटे नेमके याच सवयीवर जगतात. फोन लगेच उचलला जातो (खरी शंका इथेच यायला हवी), समोरचा अतिशय अदबीने बोलतो, मग आपली स्क्रीन त्याला दाखवणारं ॲप टाकायला सांगतो किंवा एपीके फाइल (उघडली की फोनमध्ये ॲप बसवणारी) पाठवतो, आणि 'पडताळणीसाठी फक्त एक रुपया भरा' म्हणतो. पुढचं सांगायला नको. सुरुवातीला १८०० दिसलं म्हणून नंबर खरा ठरत नाही.

नंबर घ्यायचा तो कार्डाच्या मागून, पासबुकातून, बिलावरून किंवा कंपनीच्या स्वतःच्या ॲपमधून. फसगत झालीच तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर कळवा, आणि बँकेलाही. चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही अशा प्रकरणात तीन कामाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर बोजा नाही, असं त्याच २०१७ च्या परिपत्रकात होतं. ओटीपी आपणच दिला असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं आणि कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून इथे एकेक मिनिट मोलाचं.

'मिस्ड कॉल द्या'

शिल्लक बघायला चालतं, बँकांची ती सोय खरीच आहे. वाद घालायला चालत नाही. उलट, अनोळखी परदेशी कोडवरून मिस्ड कॉल आला तर कुतूहलाने परत फोन लावू नका, तिथे आंतरराष्ट्रीय दर लागतो.

हाच मेसेज परदेशातल्या नातेवाइकांनाही जातो, म्हणून एवढं सांगते: भारतातले १८०० चे नंबर बाहेरून सहसा लागतच नाहीत. बँकेच्या वेबसाइटवर परदेशी ग्राहकांसाठी +९१ वाला साधा नंबर शोधावा. ब्रिटनमधल्या भावंडांचं गणित आणखी निराळं. तिथे ०८०० आणि ०८०८ मोबाइलवरूनही फुकट आहेत (२०१५ पासून), ०३ चे नंबर साध्या फोनच्या दरात पडतात, आणि ०८४ किंवा ०८७ लावलात की फोन कंपनीचं एक शुल्क आणि पलीकडच्या सेवेचं दुसरं, असे दोन्ही मोजावे लागतात.

'कोणी काही वाकडं करू शकत नाही'

हे वाक्य वाचून राग आला, कारण लोक ते खरं मानून गप्प बसतात. ऑनलाइन दुकानांना २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क जाहीर करावाच लागतो. त्या अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाल लावायचा. इथे फोनची गरजच नाही, ईमेल करा, लेखी पुरावाही राहतो. त्यानेही हललं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ आहे, तिथे मराठीत बोलता येतं. बँकेचं गाऱ्हाणं असेल तर रिझर्व्ह बँकेचा १४४४८.

आणि पाकिटबंद वस्तूंवर ग्राहक तक्रारीसाठी पत्ता, फोन आणि ईमेल छापणं २०११ च्या नियमांनी सक्तीचं केलंय. बिस्किटाच्या पुड्यापासून मिक्सरच्या खोक्यापर्यंत सगळीकडे ते असतं. त्यामुळे मिक्सरचं खोकं रद्दीवाल्याला देण्याआधी त्या बाजूचा एक फोटो काढून ठेवा.