हत्ती सगळ्यांना आठवतो

सकाळी चहाचा पहिला घोटही घेतला नव्हता आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर फॉरवर्ड येऊन पडलं. "फ्रेंचांनी आपल्या पद्मिनीचा तमाशा केला, पाहा!" सोबत पॅरिसच्या रंगमंचावरच्या हत्तीचा फोटो आणि खाली अकरा लाल संतापलेले चेहरे. त्यातला एक आमच्या काकांचा. ऑपेरा म्हणजे त्यांना चर्नी रोडजवळचा बसस्टॉप वाटतो.

(आणि तमाशा ही शिवी कधीपासून झाली हो? तो वेगळा विषय, पुन्हा कधीतरी.)

तर, मी तो प्रयोग पाहिलाय. चितोडच्या राणी पद्मिनीवरचा, म्हणजेच पद्मावतीवरचा, फ्रेंच ऑपेरा; सगळं गाऊन सांगायचं नाटक. मार्च २००८, पॅरिसचं शात्ले थिएटर. ह्यांचं प्रोजेक्ट तिकडे होतं आणि मी दिवसभर घरात एकटी. सगळ्यात स्वस्त तिकीट काढलं, वरच्या बाल्कनीतलं, खांबाशेजारचं. अर्धा रंगमंच दिसतच नव्हता. तो गाजलेला हत्ती आला तेव्हा मला त्याचं मागचं अंग तेवढं दिसलं. शेजारी ऐंशीच्या घरातल्या एक फ्रेंच आजी होत्या. मध्यंतरात त्यांनी खोकल्याच्या गोळ्यांची पत्र्याची डबी माझ्यापुढे धरली आणि मोडक्या इंग्रजीत विचारलं, "तुमच्याकडे ही गोष्ट लहान मुलींना सांगतात?"

त्या प्रश्नाकडे येते. आधी काकांकडे बघू द्या.

काका, हा 'तमाशा' काल-परवाचा नाही. हा ऑपेरा रचणारा आल्बेर रुसेल मूळचा फ्रेंच नौदलातला माणूस, नोकरी सोडून संगीतात आला. १९०९ साली लग्नानंतर बायकोला घेऊन भारत फिरला. चितोड पाहिलं, आणि आपलं वेरूळही! वेरूळच्या लेण्यांवर त्याने वाद्यवृंदाच्या एका रचनेचा अख्खा भाग लिहिला. किती जणांनी ऐकलाय? आपण वेरूळला जाऊन कैलास लेण्यापुढे सेल्फी काढतो आणि जेवायला हॉटेल शोधतो. मीही तेच केलंय, म्हणून तर जास्त राग येतो.

'पद्मावती' त्याने पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर लिहायला घेतली, मग युद्धावर गेला, परत आल्यावर पुरी केली. संहिता लुई लालुआची. १ जून १९२३ ला पॅरिस ऑपेरात पहिला प्रयोग. ऑपेरा आणि बॅले एकत्र, म्हणजे जितकं गाणं तितकाच नाच. आपल्या लोकांना तर हे पटकन कळायला हवं!

आणि तिचं पुढे काय झालं? फ्रान्सनेही फारसं काही केलं नाही. कधीमधी बाहेर काढायची, पुसायची, परत फडताळात. लंडनला १९६९ मध्ये सादर झाली, तीही नुसती मैफलीसारखी, ना वेशभूषा ना नाच. पुढे मिशेल प्लासों या फ्रेंच वाद्यवृंद-संचालकाने ध्वनिमुद्रण केलं, त्यात पद्मावती गायली ती अमेरिकेची मॅरिलिन हॉर्न. मग २००८ ला शात्लेने संजय लीला भन्साळींना बोलावलं, तेव्हा एकदम गर्दी. तोच प्रयोग त्याच वर्षी इटलीत स्पोलेतोच्या महोत्सवातही गेला. म्हणजे पंचाऐंशी वर्षांनी लोकांना ही राणी आठवली, आणि आता त्यांना आठवतो तो हत्ती!

बरं, मान्य. रुसेलचा भारत थोडा अत्तराच्या बाटलीतला आहे. उमा, पार्वती आणि गौरी त्याने तीन वेगवेगळ्या देवता म्हणून नाचवल्यात. हसू आलं मला. एवढं कबूल करते, पुढे चला.

पण न पाहता, न ऐकता चिडायचं? पन्हाळ्याजवळ मसाई पठारावर भन्साळींच्याच 'पद्मावत' चित्रपटाचा सेट जाळला तो २०१७ मध्ये. चित्रपट आला २०१८ च्या जानेवारीत. कोणी पाहिला होता हो जाळण्याआधी? हे आपल्या कोल्हापूरकडे झालं, राजस्थानात नाही. तेव्हाही ग्रुपवर अंगठेच आले होते.

जाऊ दे. बीपी वाढेल.

दुसरा अंक सांगते. शंकराचं देऊळ. रत्नसेन हरलाय. शहर वाचवायचं तर तू अल्लाउद्दीनकडे जा, असं तो स्वतःच्या बायकोला सांगतो. आणि ती? ती त्याच्यावर खंजीर चालवते! मग त्याच्यासोबत चितेवर जाते. अल्लाउद्दीन आत येतो तेव्हा तिथे फक्त धूर. कोरसला शब्दच नाहीत, नुसता आकार. माझ्या कानाला त्यात कुठेतरी भैरवाचा कोमल रिषभ लागला. तज्ज्ञांनी हसायचं तर हसा. खांबाच्या आडून मला धूरही अर्धाच दिसत होता, पण अंगावर काटा आला तो आला.

त्या आजींना मी काय सांगितलं? म्हटलं, हो, सांगतात. आठ वर्षांची असताना चित्रकथेत वाचली होती. आईला विचारलं, मागच्या दाराने पळून का नाही गेल्या सगळ्या? आईने पुस्तक मिटलं आणि म्हणाली, "पानं घेतलीयत, चल जेवायला."

आजी खूप वेळ हसल्या. मग डबीतली एक गोळी माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाल्या, "माझ्या आईनेही हेच केलं असतं."