ठोकलं की ऐकू येतं, मग कॉइल कशाला?

काका, नमस्कार. तुमचं म्हणणं असं की कोळसा खाणीत अडकलेला माणूस रूफ बोल्टवर, म्हणजे छत धरून ठेवणाऱ्या लोखंडी बोल्टवर, घण मारतो, ते वर ऐकू येतं. जिथे मोबाइल चालत नाही तिथे अडकलेल्याची जागा दाखवणारं हे लहरींचं यंत्र काय चालणार, त्यापेक्षा तो पैसा छताच्या आधारावर लावा. छताचा आधार आधी, यात वादच नाही. ठोकण्यावरचा भरवसा मात्र मला पटत नाही.

जानेवारी 2006 मध्ये अमेरिकेतल्या सेगो कोळसा खाणीत स्फोट झाला. त्यातून वाचलेले पण आत अडकलेले 12 जण पडद्याचा आडोसा करून बसले आणि आळीपाळीने बोल्टवर घण घालत राहिले. वरून उत्तर आलंच नाही. त्यांतला एकच जिवंत निघाला. घण उचलायला अंगात त्राण लागतं हो, आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू ते आधी काढून घेतो.

मोबाइलच्या लहरी खडकात काही मीटरांतच संपतात, कारण त्यांची वारंवारता फार मोठी. हजार हर्ट्झच्या आसपास उतरलात तर बऱ्यापैकी कोरड्या खडकातून शे-दीडशे मीटर सिग्नल पोचू शकतो. ओल्या, चिकणमातीच्या थरात कमी. खाली तारेचं वेटोळं जमिनीवर पसरायचं आणि त्यात ठरावीक अंतराने विजेचे ठोके सोडायचे. वर माणूस रिसीव्हरची कॉइल उभी धरून, कानाला हेडफोन लावून शेतातून चालतो. टूं-टूं आवाज वाढत जातो, मग एका ठिकाणी एकदम बसतो. दोन पावलं पुढे टाकली की पुन्हा सुरू. कॉइल तशीच उभी ठेवून कुठल्याही दिशेला फिरवली तरी जिथे आवाज दबलेलाच राहतो, ती जागा वेटोळ्याच्या बरोबर वर. बोअर तिथे मारायचा. माणसं कुठे आहेत हे कळलं की पुढचं आपल्याला जमतं: 1989 मध्ये बंगालमधल्या राणीगंजच्या कोळसा खाणीत बोअरमधून कॅप्सूल, म्हणजे माणूस मावेल असा लोखंडी पिंजरा, सोडून 65 जणांना वर काढलंच ना!

हे नवंही नाही. 1970 च्या दशकात अमेरिकेच्या ब्युरो ऑफ माइन्स या सरकारी संस्थेने कॅप लॅम्पच्या (खाणकामगाराच्या टोपीवरच्या दिव्याच्या) बॅटरीवर चालणारे असे ट्रान्समीटर खाणींत तपासले होते. खरी अडचण वेगळीच आहे. मिथेन हा पेट घेणारा वायू असलेल्या खाणीत ठिणगी पडता कामा नये, म्हणून वेटोळ्यात फार वीज सोडता येत नाही. त्यात तुमच्या भागात डोक्यावर कोराडी-खापरखेडा वीज केंद्रांच्या हाय टेन्शन लाइन. त्यांची गुणगुण 50 हर्ट्झच्या पटीत असते, म्हणून सिग्नल दोन पटींच्या मधल्या फटीत बसवावा लागतो. परदेशातले आकडे इथे जसेच्या तसे लागू होणार नाहीत. म्हणूनच चाचणी इथल्या भुयारी खाणींत, याच तारांखाली आणि भर पावसाळ्यात व्हावी, असं माझं मागणं आहे.