०.३ आणि त्याचं शेपूट

मे महिन्यात देवगडात बसून वेब प्रोग्रॅमिंग शिकवणाऱ्याने आब राखायची आशा धरू नये.

ऑनलाइन क्लास संध्याकाळचा. वारा सुटला, लाइट गेली, आमच्या इन्व्हर्टरने मान टाकली. लॅपटॉप उचलून शेजारच्या काकांच्या पडवीत गेलो. काका आंबा बागायतदार. पडवीभर खोके, गवत आणि नुकताच उतरवलेला हापूस. मी हेडफोन लावला तशी काकांनी मागे खुर्ची ओढली. पडवी त्यांची, बोलणार काय?

विषय होता जावास्क्रिप्ट या वेबच्या भाषेतली आकडेमोड. ०.१ + ०.२ लिहून एंटर मारलं. उत्तर आलं ०.३०००००००००००००००४.

"ह्या काय?" मागून आवाज. मी माइक बंद करायच्या आत पुढचं वाक्य आलंच, "तीनाच्या मागसून ह्या शेपूट कसला? वाशीच्या दलालान शिकवल्यान काय तुका हिशेब?"

सगळा क्लास खिदळला. काकांना श्रोते मिळाले की संपलंच. हमाली, तोलाई, डागी फळ, वाशीच्या बाजारातून येणाऱ्या हिशेबाच्या पट्टीतली एकेक कपात त्यांनी माझ्या विद्यार्थ्यांना ऐकवली. मुलं वह्या काढून लिहून घेत होती. 'क्लोजर' या जावास्क्रिप्टमधल्याच विषयावरच्या माझ्या लेक्चरला यांच्यातल्या निम्म्यांचे कॅमेरेही चालू नसतात.

मी नेटाने सांगत राहिलो. संगणक मोजतो शून्य आणि एकावर. एकाला तिनाने भागलं की आपला भागाकार संपत नाही, तसा तिथे ०.१ संपत नाही. जागा ६४ बिटांची, म्हणजे चौसष्ट शून्य-एकांची, मग शेपूट कुठेतरी कापावं लागतं.

"कापल्यानी ता कोणाच्या खात्यात जाता?" काका.

यावर माझ्याकडे स्लाइड नव्हती.

"आणि ही भाषा केल्यान कोणी?"

चॅटमध्ये एकाने टाकलं, ब्रेंडन आइक, १९९५, दहा दिवसांत. मी वाचून दाखवलं. काकांनी अढीकडे बोट केलं. "धा दिवसांत आंबो पिकता. भाषा कच्चीच उतरवल्यान."

मग मला बाजूला सारून काका कॅमेऱ्यासमोर आले. "पोरांनू, आमी पाव पेटी, अर्धी पेटी असा लिहिणव नाय. फळां मोजतो. फळ अर्धा नसता."

पैशांचा हिशेब रुपयांच्या अपूर्णांकात न ठेवता पूर्ण पैशांत ठेवा, हे माझ्या पुढच्याच स्लाइडवर होतं. ठळक अक्षरात. ती स्लाइड आली तेव्हा एकजण म्हणाला, "सर, हे काकांनी सांगितलं ना आत्ता."

आता पुण्यातली नोकरी सोडून आलेल्या माणसाची गावातली पत काय सांगू! "सोडलस की काढल्यानी?" हा प्रश्न चहाच्या टपरीवर अजून विचारला जातो. घरातून काम करतो म्हणजे घरीच असतो, आणि घरीच असतो म्हणजे गॅसचा सिलिंडर उतरवून घ्यायला, कुणाच्या पोराचा फॉर्म भरायला, नाहीतर काकांच्या खोक्यांवर छापायला 'लोगो' करून द्यायला मोकळाच. त्या लोगोचे पैसे मागितले तेव्हा हेच काका म्हणाले होते, "तुझां काय जाता? बटनां तर दाबूची."

क्लासचे अभिप्राय काल आले. सहाजणांनी लिहिलंय की काकांचं सेशन पुन्हा ठेवा. ते काकांना कळायला नको होतं, पण आमच्या आईने सांगितलं. आज सकाळी काका दारात. तासाला किती घेतोस, त्यातलं अर्धं कधी देतोस, आणि हिशेब कागदावर कर, मशीनवर नको.