जिल्ह्याचं नाव तुम्ही बदललं, पुरावे आम्ही आणायचे?

डोकं फिरलंय नुसतं. धाकट्या भावाचं लग्न जर्मनीत, तिथल्याच मुलीशी. दोन्ही घरं राजी. आणि आठ महिने झाले, मी उमरगा-धाराशिव-मुंबई चकरा मारतेय. कशासाठी? तो जन्मला होता आणि त्याचं आधी लग्न झालेलं नाही, एवढं सिद्ध करायला!

जन्म 1994 चा, आजोळी. किल्लारीच्या भूकंपाला वर्षही झालं नव्हतं, अख्खं गाव पत्र्याच्या शेडमध्ये. आईनं पत्र्याखाली बाळंतपण काढलं. ग्रामपंचायतीत जाऊन बाळाचं नाव कोण चढवणार होतं तेव्हा? रजिस्टर उघडलं तर नावाचा रकाना कोरा. नुसतं ‘मुलगा’, पुढं वडलांचं नाव ‘बाबू’. टीसीवर आणि पासपोर्टवर ‘बाबुराव’. नाव टाकायची मुदत 15 वर्षांची, कधीच सरलेली. सरकारनं मुदतवाढ दिल्याचं परिपत्रक मी मोबाइलवर काढून दाखवलं, तेव्हा कुठं पेन हललं. ते परिपत्रक मी शोधायचं?

आता दाखल्यावर धाराशिव, पासपोर्टवर उस्मानाबाद. 2023 ला नाव बदललं सरकारनं, आणि तिकडून विचारणा भावाला: ही दोन वेगळी ठिकाणं आहेत का? त्यात गावही भूकंपानंतर नव्या जागी वसलेलं. इथं विचारलं की एकच उत्तर, “ताई, अ‍ॅफिडेव्हिट करून आणा.” सरकारी कामाच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक माफ आहे म्हणून सांगितलं तरी 500 चा बॉण्ड घ्यायलाच लावतात.

सगळ्यात संताप आला तो अपोस्टिलवर, म्हणजे आपला दाखला परदेशात खरा धरावा म्हणून मारतात त्या शिक्क्यावर. परराष्ट्र मंत्रालयाची फी 50 रुपये. एजंटनं हजारो घेतले, शिक्का मारून आणला, आणि तो जर्मनीत चालतच नाही! हा शिक्का एकमेकांचा मानायचा असं ठरवणाऱ्या हेगच्या करारात भारत 2005 पासून आहे, पण जर्मनीनं भारताबाबत हरकत घेतलेली आहे. मग त्यांच्या वकिलातीनं नेमलेला माणूस गावात येऊन दाखले तपासणार, पैसे आपण भरायचे, आणि त्यात महिनेच्या महिने जाणार. रोज हाच धंदा करणाऱ्या एजंटला हे ठाऊक नव्हतं? पैसे घेताना तोंड उघडलं नाही मेल्यानं.

आणि तेवढ्यात अविवाहित असल्याचा दाखला शिळा होतो, कारण तो सहा महिन्यांच्या आतला लागतो. परत तलाठी, परत तहसील, परत “साहेब मीटिंगला गेलेत”. ‘लग्नाला अडथळा नाही’ असा आपल्या देशाचा दाखला देण्यातून तिथल्या कोर्टाकडून जी सूट मिळवावी लागते, तीसुद्धा सहाच महिने टिकते. एक कागद हातात येईतो दुसरा मरतो.

आई रोज विचारायची, तारीख धरली का. शेवटी म्हणाली, “मला घेऊन चल, मी सांगते त्यांना, मीच बाळंतीण होते की.” परवा नेलं तिला. दीड तास बाकावर बसवलं. मग खिडकीतल्या माणसानं तिचं आधार उलटंपालटं करून पाहिलं आणि विचारलं, “आजी, तुमचं माहेरचं नाव अन् सासरचं नाव एकाच बाईचं आहे, याचा काही कागद आहे का?”