किनिकची खुर्ची की काइल फील्डची? एका ह्यूस्टनकरांना उत्तर

ह्यूस्टनकर, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली, रात्री एकदा आणि सकाळी चहा घेताना पुन्हा. इतकं मुद्द्याला धरून कुणी भांडलं की बरं वाटतं, म्हणून खाली दोन ओळी खरडण्यापेक्षा सविस्तर उत्तर लिहिते आहे.

इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगते. अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये हेड कोचला कुठली नोकरी हवीशी वाटावी, यावर मागच्या महिन्यात मी लिहिलं होतं. त्यात आयोवा विद्यापीठ (मैदान किनिक स्टेडियम) पहिल्या दहांत होतं आणि टेक्सास ए अँड एम (गाव कॉलेज स्टेशन, मैदान काइल फील्ड) नव्हतं. त्यावर ह्यूस्टनकर म्हणतात की मी आयोवा सिटीत राहते, म्हणून घरच्या संघाला झुकतं माप दिलं. पैसा, स्टेडियम आणि आसपासची गुणी पोरं या तिन्हींत ए अँड एम आयोवाच्या मैलोगणती पुढे आहे, आणि लेन किफिनसारखा कोच ऐन प्लेऑफच्या, म्हणजे राष्ट्रीय विजेतेपदाच्या बाद फेरीच्या, तोंडावर ओल मिस (मिसिसिपी विद्यापीठ) सोडून एलएसयूला (लुइझियाना स्टेट विद्यापीठ) गेला तो याच तीन गोष्टींसाठी. शिवाय ट्रान्सफर पोर्टलच्या (खेळाडूला कॉलेज बदलू देणाऱ्या व्यवस्थेच्या) काळात 'कोचला वेळ द्यावा लागतो' हे बोलणं शिळं झालं, कोच कर्ट सिग्नेटींनी इंडियाना विद्यापीठात पहिल्याच वर्षी करून दाखवलं.

झुकत्या मापाचं आधी. किनिक स्टेडियमवर माझा जीव आहे, हे खरंच. अठरा वर्षांचा संसार या गावात झाला, लेक इथेच वाढली. पण पारड्यात मी काय काय टाकलं ते खाली मांडते, मग तुम्हीच वजन करा.

पोरांबद्दल तुमचं म्हणणं मला मान्य आहे, आणि मूळ लेखात मी ते एका वाक्यात उरकलं ही चूकच झाली. आयोवा राज्याची अख्खी लोकसंख्या सुमारे ३२ लाख. एकट्या ह्यूस्टन आणि भोवतालच्या परिसरात ७० लाखांहून जास्त माणसं राहतात, आणि तिथून कॉलेज स्टेशन गाडीने दोन तासांच्या आत. कोचसाठी याहून मोठी इस्टेट नाही. ज्या मुलाची आई शनिवारी सकाळी घरून निघून दुपारी सामना पाहू शकते, त्या मुलाला घरापासून दूर नेणं फार अवघड असतं. एलएसयूचंही तेच. लुइझियानात त्यांच्या तोडीचा दुसरा संघ नाही, त्यामुळे राज्यातल्या गुणी मुलावर पहिला हक्क जणू त्यांचाच. निक साबन यांनी २००३ मध्ये, लेस माइल्स यांनी २००७ मध्ये आणि एड ओर्जरॉन यांनी २०१९ मध्ये तिथे राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. लागोपाठ तीन कोच, तिघेही विजेते. किफिन तिकडे का गेले हे कळायला आणखी काही लागत नाही.

पण त्या खुर्चीवर बसलेल्यांचं पुढे काय झालं तेही पाहा. साबन स्वतःहून एनएफएलमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगमध्ये, गेले. माइल्स यांना २०१६ मध्ये चार सामने होताच काढलं. ओर्जरॉन यांनी २०१९ च्या हंगामात पंधराच्या पंधरा सामने जिंकले, आणि त्यानंतर दोन वर्षं पूर्ण व्हायच्या आत त्यांना निरोप मिळाल्याचं जाहीर झालं. मग ब्रायन केली आले, दहा वर्षांच्या ९.५ कोटी डॉलरच्या करारावर. चौथ्या हंगामात, २५ ऑक्टोबर २०२५ ला, तुमच्याच ए अँड एमने एलएसयूच्या गावी, बॅटन रूजमध्ये, जाऊन त्यांना ४९-२५ असं लोळवलं आणि दुसऱ्या दिवशी केली घरी बसले. त्यानंतर राज्याचे गव्हर्नर जेफ लँड्री यांनी पत्रकारांसमोर सांगून टाकलं की पुढचा कोच ॲथलेटिक डायरेक्टर (विद्यापीठाचे क्रीडाप्रमुख) स्कॉट वुडवर्ड निवडणार नाहीत. इथला गव्हर्नर म्हणजे आपल्याकडचा मुख्यमंत्री. दुसऱ्याच दिवशी वुडवर्ड पायउतार झाले. कोचचा वरिष्ठ असा एका रात्रीत जात असेल, तर नव्या कोचने मान कुणापुढे तुकवायची? विद्यापीठाच्या अध्यक्षांपुढे, विश्वस्तांपुढे, देणगीदारांपुढे की गव्हर्नरपुढे?

हेच वुडवर्ड आधी तुमच्याकडे होते. जिम्बो फिशर यांना कॉलेज स्टेशनला त्यांनीच आणलं होतं, डिसेंबर २०१७ मध्ये, दहा वर्षं आणि ७.५ कोटी डॉलर, सगळे हमीचे. फिशर यांच्याकडे काय नव्हतं? १,०२,७३३ आसनांचं काइल फील्ड, तेलाच्या पैशावर मोठे झालेले माजी विद्यार्थी, आणि २०२२ मध्ये तर देशातली सर्वोत्तम म्हणून गाजलेली नव्या पोरांची भरती. त्याच वर्षी संघ ५-७ वर आला, म्हणजे ५ विजय आणि ७ पराभव. त्या गाजलेल्या भरतीतली कितीतरी पोरं पोर्टलमधून पांगली. २०२३ च्या नोव्हेंबरात मिसिसिपी स्टेटला ५१-१० ने हरवल्याच्या दुसऱ्या दिवशी फिशर यांना काढलं, आणि विद्यापीठाच्या गळ्यात ७.६ कोटी डॉलरहून मोठा बायआउट (मुदतीआधी काढल्याची भरपाई) पडला. त्यातले १.९२ कोटी ६० दिवसांच्या आत, आणि मग २०३१ पर्यंत दरवर्षी ७२ लाख.

तुम्ही लिहिलंत, 'काढल्यावरही एवढे पैसे मिळत असतील तर ती नोकरी वाईट कशी?' ह्यूस्टनकर, सोन्याची सुरी झाली म्हणून कुणी उरी मारून घेत नाही. फिशर यांनी २०१३ च्या हंगामात फ्लोरिडा स्टेटला राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं होतं. असा माणूस पैशासाठी कोचिंग करत नाही. पहाटे पाचला येऊन चित्रफिती पाहत बसायचं, सतरा वर्षांच्या पोराच्या घरी जाऊन त्याच्या आजीच्या हातचं जेवायचं आणि तिला शब्द द्यायचा, हे त्याला हवं असतं. बायआउटमध्ये ते मिळत नाही.

आणि हे फिशर यांच्यापुरतं नाही, एका शितावरून मी भात ठरवलेला नाही. आर. सी. स्लोकम यांनी तुमच्याकडे चौदा हंगाम काढले. १२३ विजय, ४७ पराभव, २ बरोबरी. चौदांपैकी एकाही वर्षी पराभव विजयांहून जास्त नाहीत. २००२ मध्ये ६-६ झालं आणि त्यांना बाजूला केलं. त्यानंतर फ्रँचिओनी, शर्मन, समलिन, फिशर आणि आता माइक एल्को. आमच्या शेजारच्या नेब्रास्कानेही २००३ मध्ये हेच केलं, फ्रँक सोलिच ९-३ वर असताना त्यांना काढलं. नेब्रास्काचं लिंकनमधलं स्टेडियम १९६२ पासून प्रत्येक घरच्या सामन्याला हाउसफुल्ल आहे, पैशाला तोटा नाही, पण १९९९ नंतर कॉन्फरन्सचं (आपसात खेळणाऱ्या संघांच्या गटाचं) एकही विजेतेपद नाही. स्टेडियम भरलेलं असणं ही कोचची मिळकत आहे असं आपण धरून चालतो. कित्येकदा ती थकबाकी असते, दर शनिवारी मागायला येणारी.

आयोवात १९७९ पासून हेड कोच झाले दोन. हेडन फ्राय आणि कर्क फेरेंझ. फक्त दोन!

किनिकमध्ये आमच्या पुढच्या रांगेत एक शेतकरी आजोबा बसतात, फ्राय यांच्या काळापासूनची तिकिटं सांभाळून. फेरेंझ यांची पहिली दोन वर्षं, १९९९ ला १-१० आणि २००० ला ३-९, त्यांनी याच बाकावर बसून पाहिली. मी एकदा विचारलं, तेव्हा लोक चिडले नव्हते का? थर्मासचं झाकण फिरवत म्हणाले, चिडलो की, घरी जाताना गाडीत बायकोशी बोललो नाही. मग? मग पुढच्या शनिवारी परत आलो. त्यांनी ते इतकं साधेपणाने सांगितलं की मला पुढे काही विचारता आलं नाही. दोन वर्षांत चार विजय आणि एकोणीस पराभव होऊनही तेव्हाचे ॲथलेटिक डायरेक्टर बॉब बोल्सबी यांनी कोच बदलला नाही. २००२ मध्ये संघ ११-२ झाला. त्या संघात डॅलस क्लार्क होता, आयोवाच्याच एका छोट्या गावातून स्कॉलरशिपशिवाय आलेला. आला लाइनबॅकर म्हणून, म्हणजे बचावात, इथे आक्रमणात टाइट एंड झाला आणि पुढे एनएफएलच्या पहिल्याच फेरीत निवडला गेला. असा मुलगा घडायला चार वर्षं लागतात, आणि चार वर्षं मुलाला तोच कोच देऊ शकतो ज्याला स्वतःला चार वर्षं मिळणार आहेत. २०२५ च्या हंगामात फेरेंझ यांनी आयोवाच्या कॉन्फरन्समधला, बिग टेनमधला, ओहायो स्टेटचे जुने कोच वूडी हेज यांचा विजयांचा विक्रम मोडला.

आणखी एक गोष्ट, जी कुठल्या कोष्टकात बसत नाही. पहिलं क्वार्टर संपलं की किनिकमधली सगळी माणसं पाठ फिरवून उभी राहतात आणि स्टेडियमला खेटून असलेल्या मुलांच्या इस्पितळाकडे बघून हात हलवतात. वरच्या मजल्यांवर काचेला नाक लावून पोरं उभी असतात, काहींच्या शेजारी सलाइनचा स्टँड. खेळाडू हात हलवतात, फेरेंझही हलवतात, आणि पाहुणा संघही. २०१७ पासून हे चालू आहे. त्या मिनिटभरात प्रतिस्पर्धी कोचचा चेहरा मी दुर्बिणीतून कितीदा तरी पाहिला आहे. आपण कुठल्या गावात आलो आहोत हे त्यांना त्या क्षणी कळतं. कोचला त्याचा परिवार घेऊन ज्या गावात राहायचं असतं ते गाव नोकरीचाच भाग आहे, आणि मला ते पगाराइतकंच मोठं वाटतं.

आता तुमचा तिसरा मुद्दा, ज्याने मला खरं अडवलं. इंडियाना. २०२३ मध्ये ३-९. तोवर १९६७ नंतर बिग टेनचं विजेतेपद नव्हतं. सिग्नेटी जेम्स मॅडिसनहून आले, सोबत तिथले तेरा खेळाडू आणले, २०२४ मध्ये ११-२ होऊन प्लेऑफला गेले, आणि पुढच्या वर्षी सोळाच्या सोळा सामने जिंकून, अंतिम सामन्यात मायामीला २७-२१ ने हरवून राष्ट्रीय विजेते झाले. 'कोचला किमान तीन वर्षं लागतात' हे माझं वाक्य या एका उदाहरणाने खोटं पाडलं. ते मी मागे घेते.

पण ते आसपासच्या गुणी पोरांमुळे झालं का? इंडियाना काही टेक्सास नाही. स्टेडियममुळे? इंडियानाचं ब्लूमिंग्टनमधलं मैदान तर किनिकहूनही लहान. पैसा वाढवला, हे खरं. पण १ जुलै २०२५ पासून कॉलेजांना खेळाडूंना थेट पैसे देता येतात आणि पहिल्या वर्षाची मर्यादा सर्वांना एकच होती, सुमारे २.०५ कोटी डॉलर. त्यावरचे एनआयएलचे (खेळाडूच्या नावा-प्रसिद्धीच्या वापराचे) बाहेरचे पैसे सोडले, तर तिजोरीचा फरक पूर्वीइतका राहिलेला नाही. सिग्नेटींना तिथे मिळाली ती मोकळीक. गावात कुणी फुटबॉलचा जुना जाणता नव्हता, 'आमच्या वेळी' म्हणणारं कुणी नव्हतं, आणि त्यांच्या पद्धतीत कुणी हात घातला नाही. म्हणून मूळ लेखातला 'वेळ' हा शब्द बदलून मी आता 'मोकळीक' लिहीन. कोचला किती जणांची मर्जी राखावी लागते, ते मोजायचं. आयोवात दोघा-तिघांची. बॅटन रूजमध्ये गव्हर्नर धरून पुढे मोजा.

या मोकळीकीची किंमत आम्हीही मोजली आहे, ती लपवत नाही. फेरेंझ यांचे चिरंजीव ब्रायन संघाच्या आक्रमणाचे प्रमुख होते. २०२३ मध्ये आमचं आक्रमण यार्डांच्या हिशेबाने देशात शेवटचं होतं. त्यांच्या करारात सामन्यामागे सरासरी २५ गुणांची अट घालावी लागली आणि हंगामाच्या मध्यातच जाहीर करावं लागलं की ते पुढच्या वर्षी नसतील. हे दोन वर्षं आधी व्हायला हवं होतं. आजोबासुद्धा त्या हंगामात थर्मास बंद करून लवकर उठले होते.

एक बाजू तुमच्या प्रतिक्रियेत नाही आणि माझ्या लेखातही नव्हती. जोनाथन स्मिथ हे ओरेगन स्टेटचे माजी क्वार्टरबॅक, स्वतःच्या कॉलेजचे हेड कोच झाले आणि २०२२ मध्ये १०-३ करून दाखवलं. घर, माणसं, मोकळीक, सगळं होतं. मग टीव्हीच्या पैशामागे त्यांच्या कॉन्फरन्समधले, पॅक-१२ मधले, दहा संघ निघून गेले, मागे उरले दोन, त्यांतलं एक ओरेगन स्टेट. २०२३ संपता संपता स्मिथ मिशिगन स्टेटला गेले आणि दोन वर्षांत तिथून काढले गेले. त्यांनी काय चूक केली, मला अजून सांगता येत नाही. म्हणजे कॉन्फरन्स आधी पाहायची, मग बाकीचं.

तेव्हा यादी बदलते आहे. एलएसयू वर जाईल, कारण पोरांचं वजन मी कमी धरलं होतं. आयोवा दहांत राहील, दोन पायऱ्या खाली. ए अँड एमला मी दहावी जागा देते, आणि ती एल्कोंमुळे. फिशर यांच्या हाताखाली चार वर्षं बचाव सांभाळल्याने त्यांना ते घर आतून माहीत आहे, आणि २०२५ मध्ये ११-२ करून त्यांनी संघाला प्लेऑफला नेलं. त्यांचा करारही वाढवला गेला. पण फिशर यांचाही वाढवला होता, २०२१ मध्ये. एल्कोंचं एखादं वर्ष ६-६ होईल, कधी ना कधी होईलच. त्या डिसेंबरात काइल फील्डवर काय होतं ते मला कळवा. ते पुढच्या हंगामातही त्याच खुर्चीवर दिसले, तर ए अँड एमला आयोवाच्या वर नेऊन ठेवीन.