व्हिसाच्या मुलाखतीला जाताय? आधी कन्सल्टंट गाठा!

बहिणीचं लग्न अमेरिकेचा नागरिक असलेल्या मुलाशी झालंय आणि मुंबईच्या वकिलातीतल्या मुलाखतीचं पत्र आलंय? अभिनंदन! आता घरातली सगळी अक्कल कपाटात ठेवून कुलूप लावा आणि नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या एखाद्या एसी ऑफिसात जाऊन बसा. खुर्चीमागच्या भिंतीवर स्वातंत्र्यदेवीचा फोटो असला की माणूस खात्रीचा.

पावती मागू नका. विश्वास म्हणून काही असतो.

कागदपत्रांची यादी अमेरिकेच्या सरकारी साइटवर फुकट मिळते. ती चुकूनही उघडू नका. डीएस-२६० हा इमिग्रंट व्हिसाचा फॉर्म घरी बसून भरता येतो आणि त्याचे ३२५ डॉलर थेट तिकडच्या सरकारलाच जातात, हेही विसरा. आपला माणूस भरेल. मामेभावाच्या मित्राचं काम त्यानेच केलंय.

‘कसे भेटलात?’ या प्रश्नाला खरं उत्तर देऊ नका. मावशीने स्थळ आणलं, गंगापूर रोडच्या घरी कांदेपोहे झाले, असलं काही तिथे चालत नाही म्हणे. कन्सल्टंट तुम्हाला गोदाकाठची लव्हस्टोरी लिहून देईल, ती पाठ करा. आमच्याकडे रोज रात्री जेवणं झाली की वडील ऑफिसर व्हायचे आणि आई मागून चुका काढायची. मुलाखतीआधी उजवा हात वर करून खरं बोलण्याची शपथ घ्यावी लागते आणि खोटं पकडलं गेलं तर अमेरिकेचं दार कायमचं बंद होऊ शकतं, पण त्याचं काय एवढं! धाकट्या बहिणीने ऐनवेळी कांदेपोहेच सांगितले. ऑफिसर हसली आणि पुढच्या प्रश्नाकडे वळली.

लग्नाचा अल्बम न्याच, तोही मखमली पेटीतला, आठ किलोचा. त्यात नवरा-नवरी दोघंच असलेला फोटो शोधायला ऑफिसरला भरपूर वेळ असतो.

मोबाइल आत नेता येत नाही. तरी न्या, गेटवर गंमत येते.

मध्यरात्री निघा. भिवंडीच्या ट्रॅफिकबद्दल नाशिककरांना मी काय सांगणार.

आणि पोलिसांच्या दाखल्याची, म्हणजे पीसीसीची, काळजी तर अजिबात करू नका. सोळाव्या वर्षानंतर ज्या परदेशात बारा महिने किंवा त्याहून जास्त राहिलात, तिथल्या पोलिसांचाही दाखला लागतो, असं त्या फुकटच्या यादीत स्पष्ट लिहिलंय. आमची धाकटी दोन वर्षं दुबईत नोकरीला होती. कन्सल्टंट म्हणाला, ‘मॅडम, तुम्ही इंडियन ना? इंडियाचा पीसीसी आहे ना? मग दुबई कोण बघतंय!’ ऑफिसरने बघितलं. दुबईचा पत्ता फॉर्ममध्येच होता आणि तो टाइप कोणी केला होता? याच महाशयांनी! स्वतःच्या हाताने! धाकटी बीकेसीतल्या वकिलातीतून बाहेर आली ती २२१-जीची चिठ्ठी घेऊन. म्हणजे दाखला येईपर्यंत व्हिसा नाही. दाखला दुबईचा, बोटांचे ठसे इथे द्यायचे, आणि इकडे मुंबईत करून घेतलेल्या मेडिकलची मुदत साधारण सहा महिन्यांचीच. ती संपली की पुन्हा सुया, पुन्हा एक्स-रे, पुन्हा पैसे. या माणसाला फोन केला तर म्हणतो, ‘हे नॉर्मल आहे, सगळ्यांना येते.’ नॉर्मल? अरे, तुला पैसे कशाचे दिले होते? सगळ्यांना येणारी चिठ्ठी आम्हालाही यावी म्हणून?

बास झाला उपरोध. नाशिकमधल्या तमाम काकांनो, तुम्हाला शेअर बाजार कळतो, आयकराचं रिटर्न कळतं, ट्रम्पचं काय चुकतंय तेही कळतं, आणि एक यादी वाचता येत नाही? मी ‘साइट बघू या’ म्हटलं तर मलाच गप्प केलंत. ‘त्याचा रोजचा धंदा आहे, तुला जास्त कळतं का?’ धंदाच आहे त्याचा! अर्ज अडकल्याने त्याचं काहीच बिघडत नाही. तिकडे जावई रिकाम्या घराचं भाडं भरतोय, इकडे पोरगी नोकरीचा राजीनामा देऊन बसलीय, आणि तुम्ही अजून त्याला ‘सर’ म्हणताय.

परवा सरांचा मेसेज आला. दुबईचा दाखला तेच आणून देतील म्हणे, फी वेगळी.